पटावरचं नाव

सात वर्षं पडून असलेल्या वायापुंकूच्या रानाची यंदा पाळी होती. पाऊस सरत आला, माती टाचेखाली मऊ दबायला लागली, तसा गावात जो तो आपला पायनांगर उतरवून त्याच्या वाद्या भिजवायला बसला. मी दोन नांगर काढून बसलो होतो. एक माझा आणि एक बापाचा. बाप गेल्या काढणीला वारला.

वायापुंकूत बापाचा पट्टा ओढ्याच्या वरच्या अंगाला होता. साऱ्या रानात खरी काळी माती तेवढीच. आमच्या सोरापाता गावात डोंगरावरचं रान कुणाच्या मालकीचं नसतं. रान गावकीचं, आणि ज्याचं नाव गावकीच्या कामाच्या हजेरीच्या पटावर त्याला पट्टा. माझं नाव लग्नापासून पटावर आहे. माझा पट्टा खाली दगडात. आईला वयामुळे गावकीचं काम माफ, म्हणून तिला पट्टाही नाही. बाप गेला की त्याचा पट्टा गावकीकडे परत जातो. घरातलं दुसरं एखादं लेकरू पुढे आलं, रान उघडायचे तिन्ही दिवस सगळ्यांबरोबर राबलं आणि चौथ्या दिवशी बैठकीत बापाच्या जागी आपलं नाव लावून मागितलं, तरच पट्टा घरात राहतो. घरात दुसरं लेकरू एकच, माझी धाकटी बहीण एर्मिनिया. आणि ती बेल्जियममध्ये बटाट्याची डॉक्टर झालेली.

हे मी गावात कधी धड सांगू शकलो नाही. लोक हसायचे. बटाट्याला ताप येतो काय, त्याची नाडी कुठे असते, असं तेओदोसियो मला चारचौघांत विचारायचा. त्याच्या मुलाचं नुकतंच लग्न झालं होतं आणि बापाच्या काळ्या मातीवर त्याचा डोळा होता. मी त्याला दोष देत नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही डोळा ठेवलाच असता.

एर्मिनियाला फोनवर हे सांगितलं ते निव्वळ सांगायचं म्हणून. तिकडे गेल्यापासून सहा वर्षांत ती एकदाही आली नव्हती, बापाला माती द्यायलाही नाही. ती म्हणाली, "मी येते दादा. नाव मी लावते." मला वाटलं, रडण्याच्या भरात बोलली असेल. पण कार्निव्हल होऊन दोन आठवडे झाले आणि ती खरोखरच दुधाच्या ट्रकमधून उतरली.

उतरली ती आमच्या बायकांसारखाच काळा घागरा घालून, पाठीवर गाठोडं बांधून, डोक्याला झालरीची टोपी लावून. येताना कुस्को शहराच्या बाजारात सगळं नवं विकत घेतलं होतं. आई तिच्याकडे पळत गेली आणि मध्येच थबकली. माझी बायको विसेंतिना माझ्या कानाशी पुटपुटली, "टोपी पल्याडच्या खोऱ्यातली घातलीया." मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. आपल्या माणसांसारखं दिसावं म्हणून पोरीने केवढा खटाटोप केला, आणि दुकानदाराने तिच्या डोक्यावर भलत्याच गावाची टोपी चढवली. ज्या खोऱ्याशी आमची पाण्यावरून तीन पिढ्यांची भांडणं, त्या खोऱ्याची. आईने ती टोपी उतरवली, आपली तिच्या डोक्यावर ठेवली आणि मग तिला पोटाशी धरलं.

घरात आम्ही चुलीभोवती वाडगे घेऊन बसतो. आईने एर्मिनियाला ताट दिलं, चमचा दिला, वर तळलेलं अंडं ठेवलं आणि बसायला मेंढीचं नवं कातडं टाकलं. आमच्या वाडग्यात नुसतं बटाट्याचं पातळ कालवण होतं. एर्मिनियाने ताटाकडे पाहिलं, मग आमच्या वाडग्यांकडे पाहिलं. मग तिने चमचा उचलला.

दुसऱ्या दिवशी विसेंतिनाने मुद्दाम तिच्यापुढे 'सुनेला रडवणारा' टाकला. हा बटाटा इतका खाचाखळग्यांचा असतो की सासवा नव्या सुनेला तो सोलायला देऊन तिची पारख करतात. एर्मिनिया सोलत राहिली. साल जाड निघत होती, निम्मा बटाटा सालीतच जात होता. सोलता सोलता म्हणाली की तिकडे त्यांच्या थंड खोल्यांत जगभरचे बटाटे ठेवलेले असतात, हासुद्धा आहे, त्याला तिकडे आठशे चौदा म्हणतात.

"का गं? नाव न्हवतं व्हय त्याला?" आईने विचारलं.

"नाव होतं, आई. पण त्यांना ते म्हणता येत नाही."

आई हसली. एर्मिनिया हसली नाही. तिची बोली मला जरा वेगळी लागत होती. शब्द सगळे आमचेच, पण ती प्रत्येक शब्द आधी पुसून घेऊन मग पुढे ठेवल्यासारखी बोलायची.

रान उघडायच्या पहिल्या दिवशी उजाडताच गाव डोंगरावर चढलं. पायनांगराचं काम तिघांचं असतं. दोन गडी शेजारी उभे राहून एकाच दमाला नांगर पायाने रोवतात, मुठी खाली दाबून गवताळ ढेपसा उचकटतात, आणि त्यांच्यासमोर वाकलेली बाई तो हातांनी उलटा पाडते. गडी एक पाऊल मागे सरतात, बाई एक पाऊल पुढे येते. असं दिवसभर. बाईचं काम सोपं दिसतं. सात वर्षांच्या मुळ्यांनी विणलेला ढेपसा उलटायला लागलं की मग कळतं.

माझ्या जोडीला शेजारचा कासियानो होता. उलटायला दरवर्षी विसेंतिना असायची. या वेळी एर्मिनिया. तिने गाठोड्यातून रबरी हातमोजे काढून चढवले. शेजारच्या ओळीतल्या बायका थांबल्या. पडीक रान उघडताना पहिला ढेपसा उघड्या हाताने धरून मातीला आपली ओळख द्यायची असते. म्हाताऱ्या बासिलियाने आपले दोन्ही तळवे पुढे धरून उलटसुलट करून पाहिले, जणू आपल्या हातांना काही लागलंय का ते तपासतेय. बायका फिस्सकन हसल्या. एर्मिनियाने हातमोजे काढून खिशात कोंबले. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता.

ती वाकली. आम्ही रोवत गेलो, ती उलटत गेली. पहिल्या तासाला तिने आमचा दम गाठला, दुसऱ्या तासाला ती अर्धं पाऊल मागे राहायला लागली. कासियानो भला माणूस आहे, तो दम घ्यायचं निमित्त करून वाद्या आवळत बसायचा. उंचीवरच्या हवेची तिची सवय मोडली होती. ओठ निळे पडले होते. नखांत माती भरून नखं उचलली गेली होती, पण तिने एकदाही थांबा म्हटलं नाही. आमची ओळ सगळ्यांच्या मागे पडली. पुढून तेओदोसियो ओरडला, "फोर्तुनातो, आज उलटायला कोन आनलंय? बटाट्याला इंजेक्शन द्यायला आली का काय?" मी नांगर जरा जास्तच जोरात रोवला आणि तो दगडावर आदळून माझ्याच नडगीला लागला.

दुपारी जेवणाची हाळी झाली. आमच्यात रानात जेवताना एक लांब घोंगडं अंथरतात. प्रत्येक घरची बाई आपलं गाठोडं त्यावर सोडते, बटाटे एकत्र होतात, आणि ज्याच्या हाताला जो येईल तो त्याने सोलून खायचा. कुणाच्या घरचं कुणी खाल्लं याचा पत्ता लागत नाही. एर्मिनिया हात झटकत त्या घोंगड्याकडे निघाली होती. तेवढ्यात गावकीचा अध्यक्ष आनाक्लेतो दोन बोटांवर काहीतरी तोलत आला. शाळेतली प्लास्टिकची खुर्ची होती. एवढ्या चढावर त्याने ती कुणाकडून तरी वाहून आणवली होती. मागोमाग त्याची बायको ताट घेऊन आली. ताटात सणावारालाच करतात तो भाजलेला गिनीपिग, चमचा आणि कागदाचा रुमाल.

"डॉक्टरबाई, बसा," आनाक्लेतो टोपी काढून म्हणाला.

त्याच्या मनात काही वावगं नव्हतं, हे मी आजही सांगेन. गावातली पोर एवढी शिकून आलीय, तिला मान द्यायला हवा असं त्याला मनापासून वाटत होतं. पण अख्खं गाव जमिनीवर बसलेलं आणि त्यात एक खुर्ची. एर्मिनियाने माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली. ती खुर्चीत बसली आणि मांडीवर ताट घेऊन चमच्याने खायला लागली. खुर्चीचा एक पाय मऊ मातीत रुतत होता, ती तिरकी होत होती, आणि पडू नये म्हणून तिने एक पाय ताणून धरला होता.

संध्याकाळी उतरताना विसेंतिना कडाडली, "ताट घेतलंच कशाला तिनं? घोंगड्यावरचं जी खात न्हाई ती पाव्हनी. आता बैठकीत हेच काढत्याल बघा." मी म्हणालो की आनाक्लेतोने एवढ्या चढावर खुर्ची आणली, ती नाही कशी म्हणणार? विसेंतिना म्हणाली, "खुर्ची बाजूला ठिवून म्या बसले असते की." ते खरं होतं. पण विसेंतिनासाठी खुर्ची कुणी आणणार नाही, हेही खरं होतं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास गारा झोडपल्या. आम्ही तिघे पाठी करून बांधाच्या आडोशाला बसलो. गारा थांबल्या तशी माती चिखल झाली आणि ढेपसे दुप्पट जड झाले. एर्मिनियाचे हात सुजले होते, उजव्या तळव्याची कातडी सोलवटली होती. ती आता कोपरापासून जोर लावत होती, छाती टेकवत होती, गुडघ्याने रेटत होती. घागरा मांडीपर्यंत चिखलाने भरला. जेवायला पुन्हा ती खुर्ची आलीच. या वेळी ती म्हणाली की मला भूक नाही, आणि बांधावर एकटीच बसून राहिली. ही आणखी मोठी चूक. गावकीच्या कामात जेवायला नाही म्हणणं म्हणजे आमच्याकडे भांडण काढणं. आनाक्लेतोची बायको ताट घेऊन परत गेली, तिचं तोंड एवढंसं झालं होतं. मला दोघींचीही कीव आली आणि दोघींचाही राग आला.

घरी आईने मिठाचं कोमट पाणी काढलं आणि एर्मिनियाचे हात त्यात धरून बसली. मी दाराशी नांगराची वादी बदलत होतो. तिथे एर्मिनिया पहिल्यांदा मनातलं बोलली. म्हणाली, तालुक्याच्या शाळेत होते तेव्हा मास्तर आपल्या भाषेवरून उभं करायचा, म्हणून मी मधल्या सुट्टीतही तोंड उघडत नव्हते. कुस्कोच्या विद्यापीठात मी कुठली ते कुणाला सांगितलं नाही. आई एकदा घागऱ्यात भेटायला आली तेव्हा मैत्रिणींना म्हटलं की ओळखीची बाई आहे.

आईने मान वर केली नाही. ती पाण्यात तिची बोटं एकेक करून चोळत राहिली. "मला ठावं हाय," एवढंच म्हणाली.

"आणि तिकडे गेले तर तिकडे त्यांना नेमकं तेच हवं होतं," एर्मिनिया पुढे सांगायला लागली. दरवर्षी एक दिवस तिला गावचे कपडे घालून मोठ्या सभागृहात उभं करायचे आणि तुमच्या लोकांविषयी सांगा म्हणायचे. ती सांगायची. टाळ्या व्हायच्या. मग खोलीवर जाऊन ती त्यांच्या दुकानातले बटाटे उकडायची. दुकानात बटाटे दोनच जातीचे, एक उकडायचा आणि एक तळायचा. "बाबा गेल्याचा फोन आला त्या दिवशी मी त्या थंड खोलीत गेले. आपल्या रानातले बटाटे तिथे बरण्यांत आहेत, कोवळी रोपं, बोटाएवढी. मी आठशे चौदाची बरणी घेऊन बसले. रडायचं तर कुणापाशी रडायचं? म्हटलं, हा तरी आपल्या गावचा आहे."

वादी माझ्या हातातून सुटली. इतकी वर्षं मी समजत होतो की ती सुखात आहे आणि आम्हाला विसरली आहे. माझी शाळा चौथीला सुटली, कारण बापाला एकाच पोराला तालुक्याला ठेवता येत होतं आणि डोकं तिचं चांगलं होतं. खेचरावर बसवून तिला तालुक्याला सोडायला मीच गेलो होतो. परतताना मोकळं खेचर हाकत मी सगळा घाट रडलो होतो, शाळेसाठी की तिच्यासाठी ते मला त्या वेळी कळलं नाही. आता वाटतं, तिच्यासाठीच.

मग तिने दुसरी गोष्ट सांगितली. तिकडच्या त्यांच्या थंड खोल्यांवर तिला नोकरी मिळाली होती. मे महिन्यात हजर व्हायचं होतं. करार दोन वर्षांचा, पुढे वाढू शकणारा.

"मग हितं हात कशाला सोलून घ्यायली?" मी उठून उभा राहिलो. "परत जायचंच हाय तर नाव कशाला पायजे तुला?"

"कारण जगात कुठल्याच पटावर माझं नाव नाही, दादा," ती म्हणाली. "तिकडच्या कागदावर 'परकी' लिहिलेलं असतं. कुस्कोत मी डोंगरातली. इथे मी डॉक्टरबाई. पट्टा तुला कसायचा असेल तर कस. मला नुसतं नाव हवंय."

मी काहीतरी टाकून बोललो आणि बाहेर गेलो. काय बोललो ते लिहायची मला लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी एर्मिनिया आमच्याही आधी उठून चूल पेटवून बसली होती. तिने स्वतः बटाटे उकडले, स्वतः गाठोडं बांधलं. विसेंतिना मदतीला गेली तर तिला हाताने बाजूला सारलं. रानात त्या दिवशी आम्ही मागे पडलो नाही. पुढेही गेलो नाही, पण तेओदोसियोच्या तोंडाला कुलूप लागेल इतपत ओळ धरली. एर्मिनियाने तळव्यांना फडकी गुंडाळली होती आणि फडक्यांतून रक्त येत होतं. तरी तिला आता दम सापडला होता. आमचा नांगर वर उचलला जायच्या आधीच तिचे हात ढेपशाखाली असायचे.

जेवणाची हाळी होताच, आनाक्लेतो खुर्चीपर्यंत पोचायच्या आत, ती जवळजवळ धावत घोंगड्याकडे गेली आणि तिने आपलं गाठोडं सगळ्यांच्या बटाट्यांवर सोडलं. मग गुडघे मुडपून बायकांच्या मध्ये बसली. आनाक्लेतो खुर्ची धरून तसाच उभा राहिला. बासिलियाने ढिगातला एक बटाटा उचलला, सोलला, दाताने तोडला आणि थुंकली.

"कच्चा हाय," ती म्हणाली. "कुनी उकडलाय ह्यो?"

"मी," एर्मिनिया म्हणाली.

"बेल्जमात चूल नसती व्हय? मधी गाठ राह्यलीया. एवढी शिकली, आन बटाटा उकडाय येईना. तुझ्या आज्जीनं पायलं आसतं तर चिमट्यानं बडवलं आसतं तुला." आणि बासिलिया पंधरा मिनिटं थांबली नाही. पाणी किती घालायचं, वर गवत का ठेवायचं, जाळ केव्हा ओढायचा. बाकीच्या बायकांनीही हात धुऊन घेतले. एकीने तिच्या घागऱ्याची गाठ चुकीची म्हटली, दुसरीने विचारलं की तिशी उलटली तरी नवरा का नाही. एर्मिनिया मान खाली घालून ते कच्चे बटाटे खात होती. मी लांबून बघत होतो. सहा वर्षांत कुणी तिला इतकं बोललं नसेल, आणि मी तिला इतकं सुखात असलेलं लहानपणानंतर पाहिलं नव्हतं.

चौथ्या दिवशी शाळेच्या पटांगणात बैठक बसली. आई माझ्या शेजारी, एर्मिनिया तिच्या पलीकडे. आधी पाण्याच्या पाळ्या झाल्या, हरवलेल्या लामा जनावरांचा विषय झाला. मग आनाक्लेतो उभा राहिला आणि लांबलचक बोलला. गावाचं नाव परदेशात नेणाऱ्या आपल्या लेकीला गावाने शाळेच्या नव्या छपराची धर्ममाता करायचं ठरवलं आहे. तिच्या नावाची पाटी दारावर लागेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे धर्ममाता करतात ती बाहेरून आलेल्या मोठ्या माणसांना, बस-मालकांना, निवडणुकीतल्या उमेदवारांना. टाळ्या ऐकून आईसुद्धा क्षणभर हरखली.

एर्मिनिया उठली. तिने पाटीबद्दल हात जोडले आणि म्हणाली, "मला पाटी नको. बाबांच्या जागी माझं नाव हजेरीच्या पटावर लावा."

आनाक्लेतोने चष्मा काढला. "पेरणीला गावात असशील का, पोरी?" त्याने विचारलं. डॉक्टरबाई म्हणाला नाही.

ती तोंड उघडायच्या आत मीच बोललो, "आसंल की."

मी खोटं बोललो, आणि पट्ट्यासाठी बोललो असं कुणी म्हणालं तर मी भांडणार नाही. पण खरं कारण निराळं होतं. मला वाटलं, चारचौघांत एकदा बोललं गेलं तर कदाचित तसं होईलही.

"नाही," एर्मिनिया म्हणाली. "मे महिन्यात मी परत जातेय. दोन वर्षं तरी येता येणार नाही."

तेओदोसियो उठला. तो ओरडला नाही, शांतपणे बोलला, म्हणून जास्त लागलं. "माझ्या पोराला दोन हात हायत आन नाव न्हाई. हिला नाव पायजे आन हात बेल्जमात. गावकीनं कुनाला पट्टा द्यायचा ते गावकीनंच ठरवावं." त्याचं म्हणणं बरोबर होतं. आई उठायला लागली, तिच्या नावाचं काम मी करीन म्हणाली. लोक हसले आणि मी आईला हात धरून खाली बसवलं.

मग मी उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. म्हणालो, "पट्टा तेओदोसियोच्या पोराला द्या. काळी माती हाय, चांगली कसंल त्यो. नाव तेवढं हिचं लावा. हिच्या नावाचा गावकीचा दिस मी भरीन. एक माजा, एक हिचा."

विसेंतिनाने मागून माझा पोंचो ओढला. पट्ट्याशिवाय नाव कुणी ऐकलं नव्हतं. तेओदोसियो माझ्याकडे टकमक बघायला लागला. आनाक्लेतो म्हणाला की असा नियम नाही, नावाला पट्टा असतो म्हणून तर काम असतं. पट्टा नाही, माणूस नाही, मग पटावर नुसतं नाव ठेवून गावकीने करायचं काय?

तेव्हा मागच्या भिंतीला टेकून लोकर कातणारी बासिलिया बोलली. चाती फिरवणं तिने थांबवलं नाही.

"पटावर न्हाई तिला गैरहजर तरी कसं म्हनायचं? परक्या बाईला कोन गैरहजर म्हनतं? पोर आपली हाय आन हितं न्हाई, हे कुटं तरी लिवाय नको व्हय?"

आनाक्लेतोने मत मागितलं. मग हात वर झाले. मी मोजले नाहीत, खाली मातीकडे बघत होतो. तेओदोसियोचा हात वर होता, हे मला नंतर कासियानोने सांगितलं.

एर्मिनिया एप्रिलच्या शेवटी गेली. ट्रक वळणाआड जाईपर्यंत आई रस्त्यात उभी होती, आणि ट्रक गेल्यावरही उभी होती. फोन येतो. हातांना नवी कातडी आली म्हणाली. थंड खोलीत बटाट्यांच्या बरण्यांवर आकड्याखाली ती आता हाताने नावंही लिहिते, आणि तिच्यावरची बाई त्यामुळे नाराज असते.

माझं म्हणाल तर माझं कंबरडं मोडलंय. गावकीचा कालवा उपसायचा असो की रस्त्याचे दगड फोडायचे, सगळ्यांचा एक दिवस आणि माझे दोन. बदल्यात मला काही मिळत नाही. बापाच्या मातीत तेओदोसियोच्या पोराच्या बटाट्याचा पाला गुडघ्याएवढा आलाय. विसेंतिना रोज रात्री मला मूर्ख म्हणते आणि दुसऱ्या दिवसाची शिदोरी न विसरता बांधते. रागाने कुदळ मारताना मीही बहिणीला शिव्या देतो. शिव्या देत असलो की ती बांधापलीकडेच कुठेतरी आहे असं वाटतं.

परवा वरच्या कालव्याचं काम होतं. आई आमच्या आधीच निघून, काठी टेकत, तासाभराचा चढ चढून वर येऊन बसली होती. तिला काम माफ आहे. तरी गावकीचं एक काम ती चुकवत नाही, हजेरी होईपर्यंत बसते आणि मग उतरून घरी जाते. आनाक्लेतोने पट उघडला आणि नावं वाचायला लागला. कासियानो, हजर. मी, हजर. मग त्याने वाचलं, "एर्मिनिया ताइपे."

"गैरहजर," मी म्हणालो.

आनाक्लेतोने खूण केली आणि पुढच्या नावावर बोट ठेवलं. आईने काठी वर केली. तिचे कान अजून इतके तिखट आहेत की ओढ्यापलीकडची मेंढी कुणाची ते ती ओरडण्यावरून सांगते.

"तायता आनाक्लेतो," वडीलधाऱ्याला मानाने हाक मारावी तशी ती म्हणाली, "नीट ऐकू न्हाई आलं. पुन्यांदा वाचता का?"

दर खेपेला ती हेच म्हणते. ऐंशी माणसं कुदळी टेकून उभी असतात, ऊन चढत असतं आणि आनाक्लेतो काही फार सोशिक माणूस नाही. त्याने चष्मा वर सरकवला आणि पहिल्यापेक्षा मोठ्याने, सावकाश, तिच्या लेकीचं नाव पुन्हा वाचलं.